फ्लॅग आत आहे का? शूटिंग रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आलेली पहिली बंदूक जत्रेतली असते. समोर फुग्यांची फळी. स्टॉलवाला नळी मोडून छर्रा घालतो आणि भरलेली बंदूक आपल्या हातात देतो. आपण दोन फुगे फोडतो, तिसरा चुकतो, आणि मागे उभ्या असलेल्या भावाकडे वळून म्हणतो, "घे, आता तू मार." आपल्याबरोबर नळीही वळते. तेवढ्यात स्टॉलवरचा पोरगा फळीपाशी नवे फुगे लावत असतो आणि शेजारचं गिऱ्हाईक बंदूक भरून तयार असतं.

भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात देणं, बंदूक हातात असताना मागे वळणं आणि समोर माणूस असताना बंदुकीला हात लावणं, या तिन्ही गोष्टी रेंजवर सर्वांत मोठ्या चुका धरल्या जातात. जत्रेत त्या आपण लहानपणापासून पाहिलेल्या असतात, म्हणून रेंजवर आलेल्या नवख्या माणसाच्या हातूनही त्याच होतात. त्या मोडायला थोडे दिवस लागतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. त्याआधी तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, अंजली भागवत ही नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेली होतीच. "आमच्या मुलीला नेमबाजीला घालायचं आहे, पण ते सुरक्षित आहे का?" हा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तर हो असंच आहे, फक्त ती सुरक्षितता आपोआप येत नाही. रेंजवरचा प्रत्येक माणूस ती दर मिनिटाला पाळत असतो. हे पाळणं म्हणजे नेमकं काय, ते इथे लिहितो आहे. भर दहा मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तुलावर आहे, कारण जवळजवळ सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

नियमांमागचा विचार

नियम पाठ करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. तुमची बंदूक रिकामी आहे हे तुम्हाला माहीत असून भागत नाही. दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला ते तुम्हाला न विचारता दिसलं पाहिजे. रेंजवरचे बहुतेक नियम आणि रीतीही या एका गरजेतून आल्या आहेत. "अहो, रिकामीच आहे," हे वाक्य रेंजवर कोणी ऐकून घेत नाही. त्यात बोलणाऱ्यावर अविश्वास नसतो. रिकामी समजलेल्या बंदुकीतूनच अपघात होतात, कारण भरलेली आहे हे ठाऊक असतं तेव्हा माणूस जपून वागतो.

आणि हो, एअर रायफल खेळणं नव्हे. ४.५ मिलिमीटरचा चपट्या डोक्याचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि स्पर्धेच्या रायफलीतून तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. हिशोब केला तर ही ऊर्जा सात-आठ जूल होते. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर बंदुकांना परवान्यातून सूट आहे, त्यामुळे "परवाना लागत नाही म्हणजे फार काही नाही" असा समज होतो. सात-आठ जूल डोळा कायमचा जायला पुरेसे आहेत.

पेटी कुठे उघडायची

बंदूक पेटीतून बाहेर निघते ती फक्त फायरिंग पॉइंटवर, म्हणजे लाइनवर उभं राहून मारायच्या जागी. पार्किंगमध्ये नाही, कँटीनच्या टेबलावर नाही, मित्राला नवीन ग्रिप दाखवायला कॉरिडॉरमध्ये तर नाहीच. घेऊन येताना ती रिकामी, फ्लॅग (नळीत घालायची भडक दोरी) घातलेली आणि पेटीत बंद असते.

इथे एक चूक फार वेळा होते. पेटी टेबलावर कशीही ठेवली जाते, झाकण उघडलं की नळी शेजारच्या लेनकडे किंवा थेट मागच्या पालकांकडे रोखलेली निघते, मग ती उचलून अर्धं वर्तुळ फिरवावी लागते आणि त्या फेऱ्यात सगळी लाइन येते. उपाय सोपा आहे. पेटीच्या बाहेर, नळीचं तोंड ज्या टोकाला येतं तिथे रंगीत चिकटपट्टी लावा. ते टोक लक्ष्याकडे करूनच पेटी ठेवायची आणि मगच कुलूप उघडायचं. पिस्तुलाच्या छोट्या पेटीला ही पट्टी जास्तच हवी, कारण पिस्तूल मनगटाच्या एका वळणात कुठेही रोखलं जातं.

पेटी उघडण्याआधी रेंज ऑफिसर किंवा सर आहेत का, लाइनवर सराव चालू आहे का, कोणी पुढे गेलं आहे का, हे पाहून घ्यावं. कोणी पुढे असेल तर पेटी बंदच राहते.

फ्लॅग

सेफ्टी फ्लॅग म्हणजे भडक नारिंगी किंवा तशाच डोळ्यांत भरणाऱ्या रंगाची दोरी. एअर बंदुकीसाठी नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार ती पूर्ण नळीतून आरपार गेली पाहिजे. ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या, छर्रा घालायच्या तोंडात, बोटभर खोचलेला तुकडा चालत नाही. अनेक क्लबांत गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी वापरतात. ती स्वस्त असते, ताठ राहते आणि नळीला ओरखडे पाडत नाही. कापताना अंदाजानं कापू नका. ब्रीचमधून घालून तोंडाबाहेर चार-पाच सेंटिमीटर दिसेल आणि मागेही पकडायला टोक उरेल एवढी ठेवा. कापलेली टोकं काडेपेटीनं किंचित वितळवून गोल करा, नाहीतर त्यांची धार आत अडकते.

आरपारचा आग्रह का, ते समजलं की तो जाच वाटत नाही. दोरी पुढून बाहेर आली म्हणजे नळीत छर्रा नाही हे सिद्ध झालं. दोरी ब्रीचमधून जात असल्यामुळे लिव्हर किंवा बोल्ट (ब्रीच बंद करायचा दांडा) पूर्ण बंदही होत नाही. आणि हे दोन्ही लांबून दिसतं. दोरी मध्येच अडली तर ती बहुधा छर्र्याला टेकलेली असते. जोरानं ढकलू नका, तोंडातून डोकावून तर मुळीच पाहू नका. नळी लक्ष्याकडे ठेवून हात वर करा आणि सरांना बोलवा.

फ्लॅग काढायचा तो परवानगी मिळाल्यावर. परत घालायचा तो शेवटचा शॉट झाल्यावर, पाणी प्यायला जाताना, सरांशी बोलायला मागे जाताना, जॅकेटचं बटण अडकलं म्हणून मदत हवी असताना. थोडक्यात, बंदूक सोडून तुम्ही बाजूला होणार असाल तर दर वेळी. "दोन मिनिटांत येतोच" म्हणून फ्लॅग न घालता गेलेल्या नेमबाजाची रायफल पाहून शेजारच्या लेनवरचा माणूस अस्वस्थ होतो आणि त्याचं अस्वस्थ होणं बरोबरच असतं.

हुकूम

रेंजवरची भाषा इंग्रजी हुकमांची आहे. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. बालेवाडीला गेलात काय किंवा वरळीला, शब्द हेच. स्पर्धेत दहा मीटरला आधी तयारी आणि सायटिंगची (नेम जुळवायच्या शॉटची) १५ मिनिटं मिळतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ६० शॉटसाठी ७५ मिनिटं. "स्टार्ट"च्या आधी आणि "स्टॉप"च्या नंतर एकही शॉट निघता कामा नये.

"स्टॉप" ऐकू आल्यावर नवख्यांचा गोंधळ होतो. श्वास धरलेला असतो, निशाणा जुळलेला असतो, बोटावर दाब आलेला असतो, आणि मनात येतं की एवढा एक मारून घेऊ. तिथेच थांबायचं. बोट ट्रिगरबाहेर, बंदूक खाली स्टँडवर किंवा टेबलावर, नळी पुढेच. बंदूक भरलेली राहिली असेल तर "अनलोड"वर नुसतं आकाशात किंवा जमिनीवर मारून ती रिकामी करायची नसते. हात वर करून सांगायचं. रेंज ऑफिसर लक्ष्यावर मारायला परवानगी देतात, कारण एअर बंदुकीतला छर्रा काढायची तीच सगळ्यांत सुरक्षित रीत आहे.

"स्टॉप" ओरडायचा हक्क मात्र एकट्या ऑफिसरचा नसतो. लेनच्या पुढे कोणी दिसलं, कोणी चक्कर येऊन पडलं, मागचं दार उघडून लहान मूल आत आलं, तर ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडावं, मग तो काल दाखल झालेला बारा वर्षांचा मुलगा का असेना. नंतर कळलं की धोका नव्हता, तरी त्याला कोणी रागावू नये. एकदा रागावलेलं मूल पुढच्या वेळी ओरडायला कचरतं.

ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगरचा सराव, हाही लाइनवरच, परवानगीनं आणि नळी लक्ष्याकडे ठेवूनच. स्पर्धेच्या एअर रायफलींना त्यासाठी वेगळी सोय असते, जिच्यामुळे ट्रिगर सुटतो पण हवा सुटत नाही. खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरण्याची सवय मुलांना लागू देऊ नका.

माणसं पुढे जातात तेव्हा

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेल्या हॉलमध्ये हा प्रसंग क्वचित येतो. बऱ्याच ठिकाणी कागदी टार्गेट दोरीच्या ट्रॉलीवरून पुढे-मागे करतात, तिथेही कोणाला पुढे जावं लागत नाही. पण लहान गावातल्या, शाळेच्या हॉलमध्ये उभारलेल्या रेंजवर प्रत्येक मालिकेनंतर कागद बदलायला सगळे चालत जातात. माझ्या मते रेंजवरचे सर्वांत धोक्याचे क्षण हेच. गोळीबार चालू असताना सगळे सावध असतात. थांबल्यावर सैल होतात.

क्रम ठरलेला हवा आणि रोज तोच हवा. हुकूम झाला की बंदूक रिकामी करायची, फ्लॅग आरपार घालायचा, ब्रीच उघडं ठेवून बंदूक खाली ठेवायची आणि लाइनच्या मागे यायचं. एका माणसानं सगळ्या लेनवरून फिरून प्रत्येक फ्लॅग डोळ्यांनी पाहायचा. तो "जा" म्हणाला की सगळ्यांनी एकत्र जायचं, एकत्र यायचं. परतल्यावर डोकी मोजायची. टार्गेटच्या चौकटीमागे वाकून छर्रे गोळा करत राहिलेला मुलगा लाइनवरून दिसत नाही, म्हणून ही मोजणी.

या वेळात मागे थांबलेल्यांनी बंदुकीला बोटसुद्धा लावायचं नाही. सायटचा (नेम धरायच्या यंत्रणेचा) एक क्लिक फिरवायचा नाही, स्टँडवर सरकलेली रायफल सरळ करायची नाही, नळी पुसायची नाही. ती पडायला आली तर? पडू द्या. रायफल दुरुस्त होते. हे वाचताना टोकाचं वाटेल, पण "फक्त सायटच फिरवत होतो" आणि "फक्त उचलून बघत होतो" यांत लांबून फरक दिसत नाही. पुढे उभ्या असलेल्या माणसाला मागे वळल्यावर एकाही बंदुकीपाशी हात दिसता कामा नये.

स्प्रिंगची रायफल आणि हवेची रायफल

सुरुवातीला बहुतेक क्लबांत ओपन (उघड्या) सायटची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल देतात. तिचा धोका वेगळा असतो. नळी मोडलेली असताना स्प्रिंग ताणलेली असते. त्या क्षणी ट्रिगर दाबला गेला तर नळी जोरात वर येते आणि बोट ब्रीचमध्ये असेल तर ते चेपतं. म्हणून छर्रा घालताना एका हातानं नळी घट्ट धरून ठेवायची, दुसऱ्या हातानं छर्रा ठेवायचा आणि ट्रिगरपाशी कोणाचंच बोट असता कामा नये. छर्र्याचं चपटं डोकं पुढे, पोकळ बाजू मागे. उलटा घातला तर तो कुठेही जातो. नळी बंद करताना आपटायची नाही, हातानं आणून बसवायची. स्प्रिंगची रायफल छर्र्याविना उडवूही नका. पिस्टनला अडवायला हवेची उशी नसते, तो आत धडकतो आणि सील खराब होतं. अनेक मॉडेलांत एकदा ताणलेली स्प्रिंग उडवल्याशिवाय सोडता येत नाही. त्यामुळे मारायची तयारी पूर्ण झाल्यावरच ताणायची.

पुढे गेल्यावर हातात येते दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरची रायफल. यात सिलिंडर साधारण २०० बारला भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून कल्पना करा. भरताना घाई नको. हवा भसकन सोडली की सिलिंडर तापतं आणि गेज खोटा आकडा दाखवतं. थंड झाल्यावर दाब उतरलेला असतो. मोठं सिलिंडर ३०० बारचं असेल तर छोट्याच्या मर्यादेपलीकडे भरणं सहज शक्य असतं, म्हणून एक हात झडपेवर आणि नजर गेजवर. झडपेच्या आट्यांना घरातलं तेल किंवा ग्रीस लावू नका. वेल्डिंगवाल्याकडून किंवा दवाखान्यातल्या नळकांड्यातून ऑक्सिजन तर कधीच भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब यांचा स्फोट होतो.

सिलिंडरवर बनवल्याची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेच्या तपासणीत ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. जुनी रायफल स्वस्तात घेताना नळी आणि ग्रिप पाहिली जाते, ही तारीख कोणी पाहत नाही. आधी तीच पाहा, कारण नवं सिलिंडर स्वस्त नसतं. आणखी एक गोष्ट: सिलिंडर काढलं तरी आतल्या भागात एखाद-दुसरा शॉट निघेल एवढी हवा शिल्लक राहू शकते. सिलिंडर काढलेली रायफल म्हणजे निर्धोक रायफल असं समजू नका.

दाब फार उतरला की छर्रा नळीतच अडकतो. आवाज फुसका येतो आणि टार्गेटवर काही दिसत नाही. नवखा माणूस काय करतो? दुसरा छर्रा घालून पुन्हा मारतो. मग दोन अडकतात. दुसरा प्रकार विसराळूपणाचा: छर्रा घालून लिव्हर बंद केली, मध्ये कोणी बोललं, पुन्हा उघडून दुसरा घातला. दोन्ही वेळी रीत एकच आहे. नळी लक्ष्याकडे, बोट बाहेर, मोकळा हात वर आणि "माल्फंक्शन" (बिघाड) म्हणून थांबायचं. बंदूक घेऊन सरांकडे चालत जायचं नाही. सर तुमच्याकडे येतील.

बोटाबद्दल इतकं वारंवार का लिहितो आहे? एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाबाची अट आहे. एअर रायफलीला अशी अट नाही आणि अनेक जण ट्रिगर १०० ग्रॅमच्याही खाली ठेवतात. एवढ्या दाबावर बोट "नुसतं टेकवलेलं" राहत नाही. निशाणा काळ्या वर्तुळावर येईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, लाकडावर आडवं. हीच सवय पुढे गुणांतही मदत करते.

डोळ्यांसाठी न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा घालावा. टार्गेटमागच्या पेटीत शिसं साठून थर झाला किंवा मागचा पत्रा सपाट असला की चेपलेला छर्रा उलटा येतो, कधी कधी पार लाइनपर्यंत. पेटी वेळेवर रिकामी करणं हे रेंज चालवणाऱ्यांचं काम. पण छर्रे परत येताना दिसले तर सांगणं तुमचं काम.

शिसं

हा भाग क्लबांत सर्वांत कमी बोलला जातो, म्हणून थोडं थांबून लिहितो. छर्रे बहुतेक शिशाचे असतात. एका डबीत ५०० येतात आणि सराव करणारी मुलं ते रोज शंभराच्या घरात हाताळतात. बोटं काळसर होतात, ते शिसं. त्याच हातानं वडापाव खाल्ला की ते पोटात जातं. मुलांच्या वाढत्या मेंदूला आणि गर्भाला शिसं फार अपाय करतं आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित धरत नाहीत.

छर्रे ओठांत धरायची सवय काही जणांना असते, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. ती ताबडतोब सोडा. टेबलावर छोटी वाटी किंवा खाचांची ट्रे ठेवा. लाइनवर खाणं-पिणं नको. पाण्याची बाटली मागे ठेवा आणि हात धुऊन प्या. हात साबण आणि गार पाण्यानं धुवा, कोरड्या सॅनिटायझरनं शिसं निघत नाही. हॉल कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. ओल्या फडक्यानं पुसा. पेटी रिकामी करणाऱ्यानं हातमोजे आणि मास्क घालावा, आणि हे काम मुलांना देऊ नये.

पॉइंट टू-टूची रेंज

काडतुसाच्या रेंजवर वरचं सगळं लागू आहेच, पण चुकीची किंमत कितीतरी मोठी. पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते, म्हणून तिथे मागचा मातीचा बांध आणि वरचे आडोसे असतात. लाल झेंडा किंवा लाल दिवा दिसत असेल तर पुढे कोणी जात नाही. ट्रिगर दाबूनही आवाज झाला नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबा, कारण दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी भरायची नाही. आधीची नळीत अडकली असेल तर नळी फुगते किंवा फाटते.

कान झाकलेच पाहिजेत, बघणाऱ्यांचेही. फोमचे प्लग बोटांत लाटून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग घालून वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. नुसते कानाच्या तोंडाशी खोचलेले प्लग फारसं काही अडवत नाहीत. बंद हॉलमध्ये प्लगवर मफही (कान झाकणारे कप) घाला. २५ मीटर पिस्तुलाच्या लेनवर गळा बंद असलेला शर्ट घाला. उडालेलं गरम काडतूस गळ्यातून आत गेलं की माणूस पिस्तुलासकट नाचतो आणि खरा धोका त्या नाचण्यात असतो.

वागणं

लाइनवरच्या माणसाशी बोलू नये. त्याच्या मागून जाताना निदान एक पाऊल अंतर ठेवा. रायफल नेमबाजाच्या डोळ्याशेजारी झापड असते, त्याला तुम्ही येताना दिसत नाही, आणि खांद्याला हात लावलात तर तो दचकतो. काही सांगायचं असेल तर त्यानं बंदूक खाली ठेवेपर्यंत थांबा.

दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावू नका. स्टँड, टेबलाची उंची, सायट, यांनाही नाही. दादा-ताई जवळचे असले तरी विचारा. त्यांनी दिलीच, तर फ्लॅग आत असलेली, ब्रीच उघडी असलेली घ्या आणि घेतल्यावर आपणही तपासा. त्यांनी आत्ताच तपासली म्हणून तुम्ही तपासायची नाही, असं नसतं.

शेजाऱ्याच्या टार्गेटवर शॉट गेला तर लगेच सांगा. स्पर्धेत असा शॉट तुमचा मिस धरला जातो आणि वाईट वाटतं, पण गप्प राहिल्यानं शेजाऱ्याच्या कागदावर जास्तीचं भोक येतं आणि त्याचा सगळा हिशोब विस्कटतो.

पालकांसाठी दोन शब्द. मुलगी लाइनवर असताना काचेमागून हातवारे करू नका, स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचू नका. मागे वळून "आई, किती झाले?" विचारणारं मूल बंदुकीसकट वळतं. स्पर्धा चालू असताना बोलून मार्गदर्शन करायला तसंही बंदी आहे. फोन सायलेंट, फ्लॅश बंद. लहान भावंडाला आणलं असेल तर त्याचा हात धरून ठेवा.

घरी गॅलरीत किंवा गच्चीवर दहा मीटर जागा मिळते आणि तिथे रेंज उभी राहते. तिथे एक गोष्ट पाहा: तुमच्या आणि टार्गेटच्या मध्ये उघडणारं दार आहे का? असेल तर त्याला कडी हवी, आणि ती शूट करणाऱ्याच्या बाजूनं. नुसतं "आत येऊ नका" सांगून ठेवलेलं घरातले विसरतात. टार्गेटमागे जाड लोखंडी पत्र्याची तिरपी पेटी आणि तिच्या मागे भिंत. खिडकी कधीच नाही.

निघताना लेन जशी मिळाली तशी ठेवायची. फ्लॅग आत, सरांना दाखवून पेटी बंद, वापरलेले कागद उचललेले, सांडलेले छर्रे गोळा केलेले, रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली. मग हात धुवा. आणि घराच्या दारात बूट उलटे करून तळवे पाहा. चेपलेले छर्रे खाचांत रुतून येतात आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाताला ते सगळ्यांत आधी लागतात.